एक्केचाळीस नंबरची बरणी

बरणीचे झाकण फिरवून काकांनी ती पांढऱ्या कागदावर उलटी केली आणि कागदावर दोन माश्या पडल्या.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. माश्या तिथेच होत्या. पारदर्शक पंख, पंखांच्या कडेला काळी रेघ, पिवळसर कंबर. शेपटीकडे बोथट, म्हणजे दोन्ही नर. मादी असती तर अंडी टोचायची सुई दिसली असती. सव्वीस वर्षे हीच माशी बघत आलेल्या माणसाला भिंग लागत नाही. तरी त्यांनी खिशातून भिंग काढले, कारण भिंगाखाली ती दुसरीच कुठली माशी निघेल अशी एक वेडी आशा होती. दुसरी कुठली निघाली नाही. फळमाशीच होती.

"काय रे, आले का पाहुणे?" खालून, घराच्या पायरीवरून मावशींचा आवाज आला.

दर मंगळवारी हा प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेले. "नाही मावशी, शून्य!" असे काका झाडाखालून ओरडायचे आणि मावशी चहाचे आधण ठेवायच्या. या वरच्या दरीत माशी धरायच्या सोळा बरण्या टांगलेल्या होत्या, एक्केचाळीसपासून छप्पन्नपर्यंत, आणि अकरा वर्षांत त्यातल्या एकीतही फळमाशी सापडली नव्हती. ऑफिसात त्यांचे नावच शून्यकाका पडले होते. चेष्टेने पडलेले नाव, पण काका ते एखाद्या पदवीसारखे मिरवत. एवढी वर्षे नोकरी करून काय कमावलंत, असे कोणी विचारले की म्हणत, "शून्य!" आणि स्वतःच आधी हसत.

आज मात्र उत्तर बदलले.

"बघतोय अजून," ते कसेबसे म्हणाले.

मग मावशी म्हणाल्या, "आवाज का बसलाय रे तुझा?"

मावशींपुढे आवाज लपवणे सोपे नव्हते. त्यांनी तीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन लावून अख्ख्या शहराची भांडणे, लग्ने, आजारपणे आणि थापा एकमेकांना जोडून दिल्या होत्या. निवृत्त झाल्यावर इकडे येऊन त्यांनी पीचची चाळीस झाडे लावली. नवरा नव्हता, मुले नव्हती. होती ती ही चाळीस. वरच्या दरीत मोबाइल चालत नसे, म्हणून आणि काहीशा जुन्या प्रेमानेही त्यांच्याकडे अजून तारेचा फोन होता. एक्स्चेंज बंद झाले तेव्हा रद्दीत निघालेल्या डिरेक्टऱ्या त्या पोती भरभरून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पानांच्या पिशव्या करून, हात पोचेल तिथवरचा एकेक पीच त्या पिशवीत बांधत. "यातले निम्मे नंबर आता लागत नाहीत," असे म्हणत, "पीच तरी लागू देत."

यंदा लागले होते. फांद्या वाकल्या होत्या. परवापासून तोडणी.

आणि नियम असा होता, की वरच्या दरीतल्या एका बरणीत दोन फळमाश्या सापडल्या तर त्या बरणीभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरमधले सगळे फळ, कच्चे-पिके न बघता, उतरवून खड्ड्यात पुरायचे. दोन नर सापडले म्हणजे जवळपास मादी असणार, मादी असली म्हणजे फळात अंडी असणार, आणि एकदा अळ्या मातीत उतरल्या की ही दरीही खालच्या दरीसारखी कायमची गेली. खालच्या दरीत माशी केव्हाच मुरली होती. तिथल्या पेरूच्या बागांमधून बरणीगणिक शेकड्यांनी माश्या निघत. वरची दरी तेवढी स्वच्छ राहिली होती, आणि ती स्वच्छ आहे हे जगाला कशावरून कळायचे, तर काकांच्या वहीवरून.

काकांनी बोटाच्या टोकाने एका माशीला हलवले. तिचा पाय गळून पडला. माश्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. म्हणजे आजच्या-कालच्या नव्हेत. गेल्या मंगळवारी बरणीतला वासाचा बोळा बदलला त्याच दिवशी आत शिरलेल्या. नंतरच्या सात दिवसांत तिसरी आली नव्हती. बागेत माश्या असत्या तर अशा दोनच येऊन थांबल्या असत्या का?

आणि मग काकांना गेला मंगळवार आठवला.

बोळ्याला लावायचे ते तेल लवंगेसारखे वास मारते. नर माश्या त्या वासाला वेड्यासारख्या भुलतात. काकांच्या हातांना, बाह्यांना, कोटाला तो वास कायमचा चिकटलेला. बायको त्यांचा खाकी कोट घरात येऊ देत नसे. तो बाहेर खुंटीवर टांगायचा आणि सकाळी झटकून घालायचा. पेरूच्या बागेत काका उभे राहिले की माश्या येऊन त्यांच्या बाहीवर बसत. म्हणून तर कामाचा पहिला नियम होता, की आधी वरची दरी, मग खालची. सकाळी झटकलेला कोट घालून स्वच्छ दरीत जायचे, दुपारनंतर माशीच्या दरीत उतरायचे. उलटे कधीही करायचे नाही. 'काम वरून खाली' ही पाटी ऑफिसच्या भिंतीवर होती. ती काकांनीच, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली, तेव्हा आत्ताचे साहेब बहुधा शाळेत बाकावर उभे राहत असतील.

पण या वर्षी सकाळच्या गार वाऱ्यात खिंडीपर्यंत पोचता पोचता काकांची छाती भरू लागली होती. शिट्टीसारखा आवाज यायचा. स्कूटर थांबवून कठड्याला धरून उभे राहावे लागायचे. साहेबांना सांगावे तर ते डॉक्टरकडे पाठवणार, डॉक्टर कागदावर काहीतरी लिहिणार, आणि उरलेले सव्वा वर्ष स्टोअरमध्ये बसून कापसाचे बोळे कापत काढायचे. त्यापेक्षा ऊन वर येईपर्यंत खालच्या बागा उरकाव्यात आणि अकराच्या सुमाराला वर यावे, असे त्यांनी केले. पुलावर थांबून कोट चांगला झटकला होता. दोनदा झटकला होता. एकदाच तर झालं होतं तसं, काका मनाशी म्हणाले.

खिंड ओलांडल्यावर पहिली बरणी हीच, एक्केचाळीस नंबरची. इथे ताजा बोळा लावला, आणि कोटाच्या घडीत बसून आलेल्या दोघी उठून तिकडे गेल्या. दोघी कुठल्या, दोघे. एवढीच गोष्ट. मावशींच्या बागेत माशी नव्हतीच. माशी काकांच्या अंगावर होती.

म्हणजे या दोन माश्या वहीत लिहिल्या तर ते खोटेच झाले असते, असे काकांना वाटले. स्वतःला पटवायला त्यांना फार वेळ लागला नाही. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती. त्यातल्या उरलेल्या तीन गोळ्या त्यांनी तोंडात टाकल्या, दोन्ही माश्या डबीत सरकवल्या आणि वहीत एक्केचाळीसच्या पुढे शून्य लिहिले. घाईत ते शून्य जरा अंड्यासारखे आले.

खाली मावशी खोक्यांना आतून डिरेक्टरीची पाने लावत बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून उंच स्टुलावर.

"शून्य?" त्यांनी विचारले.

"शून्य."

मावशींनी चहाचा कप पुढे सरकवला. काकांच्या तोंडात तीन गोळ्या, त्यामुळे चहाला चव लागेना.

"आमच्याकडे एक बँकवाला होता," मावशी म्हणाल्या. "रोज संध्याकाळी बायकोला फोन करायचा. आज उशीर होईल म्हणून. आवाज असाच. कापसात गुंडाळल्यासारखा."

"मग?"

"मग काय? जोडून द्यायचे. आमचं काम कानाचं. ऐकायचं आणि विसरायचं. तोंडाला कुलूप." त्यांनी एक पान खोक्यात नीट बसवले. "परवा ट्रक येतोय. वरचे पीच उतरवायला शेजारच्या सुताराची दोन माणसं येणारेत. तू येतोस का बघायला? यंदासारखं पीक परत मी बघेन न बघेन."

"असं काय बोलता मावशी," काका म्हणाले आणि अर्धा चहा ठेवून उठले.

पुढच्या बेचाळीस नंबरला, सुताराच्या नासपतीच्या झाडाखाली पोचेपर्यंत त्यांना दोनदा थांबावे लागले. बरणी उघडताना त्यांच्या मनात आले, यात निघू दे. एक तरी निघू दे. यात निघाली म्हणजे माशी खरोखरच वर आलेली असणार, म्हणजे ती आपल्या कोटावरून नाही आलेली. आणि आपण काय मागतोय हे लक्षात आल्यावर काका स्वतःशीच ओशाळले. दरी बुडाली तरी चालेल, पण दोष आपला नको! बरणी रिकामी निघाली. त्यांना सुटल्यासारखे वाटले आणि अडकल्यासारखेही.

त्रेचाळीस रिकामी. चव्वेचाळीसमध्ये एक मुंगी. जुळ्या भावांच्या बागेतल्या तिन्ही रिकाम्या. जुळ्यांतला एक कुंपणावरून म्हणाला, "काय शून्यकाका, आज गप्प गप्प?" आणि दुसरा म्हणाला, "बायकोनं बोलून घेतलं असेल." काका हसले. खिशातली डबी चालताना आवाज करत होती. वाळक्या दोन माश्यांचा कसला आवाज होणार, पण काकांना तो ऐकू येत होता. त्यांनी डबी या खिशातून त्या खिशात टाकली, मग पिशवीत टाकली, मग कुठे पडली तर म्हणून पुन्हा खिशात टाकली. पन्नास रिकामी. त्रेपन्न रिकामी. प्रत्येक शून्य खरे होते, आणि प्रत्येक शून्यागणिक पहिले शून्य जास्तच खोटे दिसू लागले होते.

साडेतीनला ते दरीच्या माथ्यावर, छप्पन्न नंबरपाशी पोचले. बरणी रिकामी. ऊन तापले होते, छातीत शिट्टी वाजत होती. काका बांधावर बसले आणि त्यांनी कोट काढला.

कॉलरच्या खाली, लूप शिवलेला असतो तिथे, एक माशी बसली होती. जिवंत. मागच्या पायांनी पंख साफ करत होती, निवांत, घरच्यासारखी.

कारण आजही काका खालून वर आले होते.

त्यांनी श्वास रोखला. डोक्यावरची टोपी हळूच काढली. टोपी माशीवर पडायला एवढासा अवकाश होता, आणि नेमका तेव्हाच खोकला आला. माशी उठली. त्यांच्या तोंडासमोरून गेली आणि पीचच्या झाडांत शिरली.

काका धावले. सत्तावन्न वर्षांचा माणूस हातात टोपी घेऊन एका माशीमागे या झाडाखालून त्या झाडाखाली पळतोय, फांद्या हलवतोय, हवेत टोपी मारतोय. कोणी बघितले असते तर म्हणाले असते, गेली केस हातची. पाच-सहा झाडे झाल्यावर ते तिथेच मातीत बसले. डोक्यावर शेकडो पीच लटकत होते. त्यातल्या कुठल्या पानामागे ती बसली होती कोण जाणे. नरच असणार, एकटा नर काही करू शकत नाही, हे त्यांना माहीत होते. पण तिची शेपटी त्यांनी बघितली नव्हती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा शेपटी बघायची राहिली होती.

डबीतल्या दोघी मेलेल्या होत्या, त्यांना खिशात ठेवता येत होते. ही मोकळी होती. ती आता काकांच्या हातात नव्हती आणि त्यांच्या वहीतही मावणार नव्हती. काकांना रडू आले. कोणी बघत नव्हते म्हणून त्यांनी ते येऊ दिले. मग तोंड पुसून, कोट उलटा करून घट्ट गुंडाळून, ते खाली निघाले.

मावशी अजून स्टुलावरच होत्या. काकांना परत आलेले बघून त्यांनी हातातले पान खाली ठेवले.

"फोन करायचाय," काका म्हणाले.

फोन मावशींच्या हाताशीच होता. रिसीव्हर उचलून, मान किंचित तिरकी करून त्या म्हणाल्या, "कुठला जोडू?"

"ऑफिसचा."

"साधा की अर्जंट?"

"अर्जंट."

मावशींनी नंबर फिरवला. पाठ होता. पलीकडून कोणी उचलल्यावर त्यांचा आवाज बदलला, वीस वर्षांनी लहान झाला. "वरच्या दरीतून, एक्केचाळीस नंबरचा कॉल आहे. साहेबांना द्या." मग रिसीव्हर काकांच्या हातात देऊन त्यांनी स्टूल वळवले, काकांकडे पाठ केली आणि पुन्हा खोक्यात पाने लावायला घेतली. दोन हातांच्या अंतरावर त्या बसल्या होत्या, आणि त्या जुन्या रिसीव्हरमधून पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"बोला शून्यकाका!" साहेब खुशीत होते.

"साहेब, एक्केचाळीसमध्ये दोन निघाल्या. दोन्ही नर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कधी?"

"अकराला."

"आता सव्वाचार होतायत, काका. तासाच्या आत कळवायचं असतं. पाच तास काय करत होतात?"

"लपवल्या होत्या."

"काय?"

"खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत. वहीत शून्य लिहिलं." काकांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "साहेब, त्या बागेतल्या नाहीत. माझ्या कोटावरून आल्यात. मी काम उलटं केलं. आधी खाली, मग वर."

"गेल्या मंगळवारी?"

"हो."

"फक्त गेल्या मंगळवारी?"

काकांनी मावशींच्या पाठीकडे बघितले. कागद लावणारे हात थांबले नव्हते, पण हळू झाले होते. एकदाच, हा शब्द तोंडाशी आला होता. सकाळपासून ते तो स्वतःशी इतक्या वेळा म्हणाले होते की जवळजवळ खरा झाला होता.

"आजचा धरून पाच," ते म्हणाले.

"पाच मंगळवार? का?"

"सकाळी खिंडीत छाती भरते. चढवत नाही."

"मग सांगायचं ना काका! गाडी दिली असती, माणूस दिला असता..." साहेबांचा आवाज चढला आणि मध्येच तुटला.

"अजून एक आहे," काका म्हणाले, कारण आता थांबलो तर पुन्हा बोलणे होणार नाही हे त्यांना माहीत होते. "एक जिवंत सुटलीय. छप्पन्नजवळ. माझ्याच कॉलरमधून. नर की मादी, बघता आलं नाही."

"तुमच्या वहीवर मी डोळे मिटून सही करतो," साहेब म्हणाले. रागाने नव्हे, आणि तेच काकांना जास्त लागले. "माझ्या आधीचे तिघेही तसेच करायचे. तुमचा आकडा म्हणजे बघायचं काम नाही. आता मी काय धरू?"

"या पाच आठवड्यांतलं काहीच धरू नका."

"बरं." कागद चाळल्याचा आवाज. "उद्या सकाळी येतो. माश्या कोटावरून आल्याचं तुम्ही सांगताय, म्हणून लगेच पुरत नाही. एक्केचाळीस आणि छप्पन्न, दोन्हीकडची मिळून दोनशे फळं कापून बघू. एकात जरी अळी निघाली तरी सगळं पुरायचं, मी काही करू शकणार नाही. नाही निघाली तर सगळ्या बरण्या नव्या, आणि नऊ दिवस पहारा. तोवर दरीतून एक फळ हलणार नाही. आणि काका, तुम्ही आता वर पाय ठेवायचा नाही. कोट पिशवीत बांधा, पिशवीचं तोंड शिवा आणि खाली या."

फोन ठेवल्यावर काकांना मावशींकडे बघवेना. परवाची तोडणी. पीच काही थांबत नाही. झाडावर नऊ दिवस जास्त राहिला तर तो मऊ होतो आणि देठातून सुटतो.

"झाला कॉल?" मावशींनी वळून विचारले.

"झाला. मावशी, तुम्ही ऐकलंत ना..."

"मी काही ऐकलं नाही."

"मावशी, माझ्यामुळे..."

"तीस वर्षं नाही ऐकलं, आज कशाला ऐकू?" मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. पण हातातले पान त्यांनी खोक्यात उलटसुलट दोनदा बसवले, तरी ते नीट बसेना, आणि शेवटी त्यांनी ते चुरगाळून मुठीत धरले. "पोतं घेऊन जा कोटासाठी. दाराबाहेर आहे बघ. सुतळीही तिथेच आहे."

घरी बायकोने आधी खुंटीकडे बघितले. "कोट कुठंय?"

"जमा केला."

"आणि आता?"

"मलाही जमा करतील उद्या." मग त्यांनी सगळे सांगितले. अगदी शिट्टीसकट.

बायकोने ऐकून घेतले. रडली नाही, चिडलीही नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. "महिनाभर रात्री शेजारी झोपून ती शिट्टी ऐकतेय मी," ती म्हणाली. "म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. आता तरी डॉक्टरकडे चला. लपवायला काही उरलं नाही."

दोनशे फळे कापली. अळी निघाली नाही. हे काकांना स्टोअरकीपरने सांगितले. बसून बसून सुटलेल्या पोटाचा तो माणूस आता काकांच्या रस्त्यावर नेमला गेला होता आणि तोही खिंडीत धापा टाकत होता. फरक एवढाच, की तो सगळ्यांना सांगत सुटला होता. पुढचे दिवस काका घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. चौथ्या दिवशी बातमी आली की छप्पन्न नंबरमध्ये एक सापडली. ताजी, नर. काकांनी पुन्हा विचारले, "शेपटी बघितलीस?" स्टोअरकीपर म्हणाला, "साहेबांनी भिंग लावून बघितली. बोथट." त्या रात्री काका झोपले. नंतर एकाही बरणीत काही आले नाही आणि दहाव्या दिवशी दरी उघडली.

तोवर मावशींचा निम्मा बहर झाडाखाली होता. डिरेक्टरीच्या पिशव्यांसकट गळालेले पीच, एकावर एक. कागद भिजून फाटलेला. वरचे काय वाचले ते ट्रकने नेले. काकांनी हे सगळे ऐकले आणि तीनदा मावशींचा नंबर फिरवला. तीनही वेळा पलीकडे घंटी वाजताच ठेवून दिला. कोण असेल ते मावशींना कळलेच असणार.

काकांना चौकीवर बसवले. डॉक्टरांनी औषध दिले आणि साहेबांनी समजुतीने शिक्षा दिली. चढण नाही, कोट नाही, तेल नाही. खिंडीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली, आडवा दांडा, बाजूला पाण्याचा ड्रम. वर जाणाऱ्या गाड्या थांबवायच्या, लोकांच्या पिशव्यांत पेरू-आंबा काही असेल तर काढून घ्यायचा आणि ड्रममध्ये टाकायचा. लोक वैतागायचे. एक बाई म्हणाली, "एका पेरूनं काय आकाश कोसळणारे?" काका म्हणाले, "ताई, मी एका कोटानं कोसळवलंय," आणि बाईला काही कळले नाही, पण पेरू तिने दिला. नवा सदरा कोरा होता. तरी अधूनमधून एखादी माशी येऊन काकांच्या हातावर बसायचीच. सव्वीस वर्षांचा वास कातडीत गेलेला, तो साबणाने जात नव्हता. सगळ्यात वाईट मंगळवार. अकरा वाजले की त्यांचे पाय उगाच दारापर्यंत जायचे, खिंडीकडे बघून परत यायचे.

तिसऱ्या मंगळवारी, अकरा वाजून पाच मिनिटांनी, चौकीतला फोन वाजला.

"चौकी?" पलीकडचा आवाज स्वच्छ, सरळ, कामाचा.

"हो, चौकी."

"एक्केचाळीस नंबरचा कॉल आहे. घेणार का?"

काकांनी खुर्चीच्या पाठीला धरले. "घेतो," ते म्हणाले. "द्या."

क्षणभर तारेत काहीच नव्हते. जोडायला लागतो तेवढाच वेळ.

"शून्य," मावशी म्हणाल्या.

काकांचे इतक्या दिवसांचे सगळे एकदम वर आले. "मावशी, माझ्यामुळे तुमचे पीच..."

"तीन मिनिटं झाली," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक्स्चेंजमध्ये कॉल तोडताना म्हणायचे ते वाक्य; खरे तर अर्धे मिनिटही झाले नव्हते. बाहेर बस येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. बाहीवर एक माशी बसली होती. त्यांनी ती चिमटीत धरली, उजेडाकडे नेऊन तिची शेपटी बघितली, ड्रममध्ये टाकली आणि पिशव्या तपासायला गेले.